भिंतीचे कान वाजतात

मंगळवार, ४ मार्च

आज संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, जिन्याखालच्या फलकासमोर, चारचौघांच्या देखत माझा अपमान झाला. तारीख आणि वेळ मुद्दाम आधी लिहिली. शाळेत सिस्टर सांगायच्या, "मुली, तारीख-वेळ नसलेली तक्रार म्हणजे नुसती कुरकुर." मी आयुष्यात कुरकुर केलेली नाही. तक्रारी पुष्कळ केल्या.

फलकावर समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लावलं होतं. गळकी टाकी, जिन्यातला दिवा, कुणाची तरी सायकल आणि मग हे रत्न: "दुसऱ्या मजल्यावरील बाईंच्या भिंतीतून दुपारी घुमल्यासारखा आवाज येतो, या तक्रारीची शहानिशा केली. कुणालाही आवाज आला नाही. तक्रारदार बाईंचे कान वाजतात. विषय संपला."

शहानिशा म्हणजे काय, तर सेक्रेटरी सकाळी अकराला आले, भिंतीला कान लावला, माझा चहा प्यायले आणि गेले. आवाज दुपारी चारला येतो हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. चोर पकडायला चोर जेवायला गेल्यावर जायचं, अशी ही शहानिशा!

मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. कानावर हेडफोन आणि समोर तारांचं जंगल. नुसत्या खरखरीवरून सांगायचे की तार कुठे ओली झाली आहे, आणि माणूस तिथेच जाऊन दुरुस्त करून यायचा. त्या बाईचे कान वाजतात!

मी तिथल्या तिथे सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "वय झालं की व्हायचंच, मावशी."

"मला बहीण नाही," मी म्हटलं. "मावशी दुसरीकडे शोधा."

फलकापुढचे लोक हसले. त्याने क्षणभर बरं वाटलं. मग इतिवृत्ताच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं: "प्रत माहितीसाठी: बाईंचे चिरंजीव."

बुधवार, ५ मार्च

चिरंजीव आले. सोबत सूनबाई. चिरंजीवांच्या हातात ती प्रत, आणि चेहरा असा की घरात कुणी गेलंय.

"आई, मी काय म्हणतो..."

"नको म्हणूस."

"एकटं राहणं आता पुरे झालं. आमच्याकडे चल. टीव्हीच्या खोलीत दिवाण टाकतो."

टीव्हीच्या खोलीत दिवाण! म्हणजे त्यांची मालिका संपेपर्यंत मी जागी राहायचं आणि ती पुन्हा सुरू व्हायच्या आत उठायचं. इथे मी बशीत ओतून चहा पिते, न्हाणीघरात खणखणीत गाते, रेडिओवर बातम्या देणाऱ्याशी तोंडातोंडी भांडते आणि जिंकते. हे दिवाणावर बसून होत नाही.

माझा मुलगा वाईट नाही. घाबरट आहे. बापावर गेलाय. त्याचे वडीलही विजेचं बटण दाबताना डोळे मिटून घ्यायचे.

शेवटी तह झाला. महिनाअखेरीपर्यंत भिंत खरोखर वाजते हे सिद्ध करायचं. नाही झालं तर सामान बांधायचं. शिवाय मधल्या काळात कानाच्या डॉक्टरकडे निमूट जायचं. 'निमूट' हा शब्द त्याने घातला. मी तो मनातल्या मनात खोडला.

सूनबाई कप विसळण्याच्या निमित्ताने माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. हळूच म्हणाली, "आई, आमच्या कारखान्यात एक गृहस्थ येतात. यंत्राला हातसुद्धा लावत नाहीत. लांबून लाल ठिपका मारतात आणि सांगतात कुठे काय थरथरतंय. त्यांना पाठवू?"

"भिंतीचं कळतं त्यांना?"

"आई, त्यांना पुलाचं कळतं."

सून माझ्यावर गेली आहे. कशी, ते देव जाणे.

शनिवार, ८ मार्च

ठिपकेवाले आले! साठी ओलांडलेले, पांढरी मिशी, बोलणं इतकं हळू की माझे कान खरंच गेले असते तर त्यांचा एक शब्द कळला नसता. चपला काढून भिंतीशी अशा काटकोनात लावल्या की आमच्या सिस्टरनी त्यांना वर्गाचं मॉनिटर केलं असतं.

"बाई, बसू का?"

"भिंत मोजायला आलात ना? भिंत तिकडे आहे."

बिचारे भिंतीकडे गेले. त्यांचं यंत्र पावाच्या डब्याएवढं, एका बाजूला डोळा. आधी त्याला तिकाटण्यावर उभं करून पाहिलं. पण माझी फरशी मी रोज स्वतः पुसते. तिच्यावर तिकाटण्याचा एक पाय सारखा घसरायला लागला. मग यंत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तोंड भिंतीकडे. भिंतीवर टिकलीएवढा चंदेरी कागद चिकटवला. त्यावर लाल ठिपका येऊन बसला. अगदी स्थिर. माझा पूर्ण विरस झाला.

"हा तर हलतच नाही."

"डोळ्याला नाही दिसायचं. उजेडाला कळतं." मग त्यांनी मला समजावलं, आणि मला समजलं, याचं मला अजून नवल वाटतंय. "बाई, गाडी जवळ येताना तिची शिट्टी चढी लागते, लांब जाताना उतरते. ऐकलंय ना?"

"कान आहेत मला."

"तसंच उजेडाचं. भिंत केसभर आपल्याकडे सरकली की परत येणाऱ्या उजेडाचा सूर किंचित चढतो. मागे गेली की उतरतो. यंत्र थोडा उजेड भिंतीकडे पाठवतं, थोडा घरातच ठेवतं. गेलेला परत आला की दोघांना समोरासमोर उभं करायचं. फरक लगेच कळतो."

"म्हणजे जुळ्या बहिणी," मी म्हटलं. "एक माहेरी राहिली, एक सासरी जाऊन आली. दोघींना शेजारी बसवलं की सासरी काय झालं ते विचारावं लागत नाही."

ते इतके हसले की टेबल हाललं आणि यंत्राच्या पडद्यावर भूकंप झाला. डोळे पुसत म्हणाले, "तीस वर्षं हे सांगतोय लोकांना. असं कुणी बोललं नव्हतं."

चार वाजायची वाट पाहत आम्ही टेबलाशी समोरासमोर चहा घेतला. मला भीती वाटत होती. खोटं कशाला लिहू? मी भिंतीकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, आज गप्प बसलीस तर तुझ्यावर कॅलेंडरसुद्धा टांगणार नाही.

चार वाजले. आला! तोच घुमणारा आवाज, पायांतून चढणारा. पडद्यावरची रेघ, जी इतका वेळ झोपली होती, ती मधोमध ताडकन उठून उभी राहिली. सुळका! ठिपकेवाले खुर्चीतून अर्धे उठले.

"वाजते आहे," ते म्हणाले. "बाई, तुमची भिंत वाजते आहे."

मी कप खाली ठेवला. "किती?"

"एक केस घ्यायचा. त्याच्या जाडीचे शंभर भाग करायचे. त्यातला एक. तेवढी."

"इतकीच?"

"इतकंसं ऐकू येणारं माणूस मी अजून पाहिलं नव्हतं."

"मी माणूस नाही, बाई आहे."

पुन्हा हसले. हसताना मिशीचं एकच टोक वर जातं.

जाताना एक गोष्ट मी त्यांना दाखवली. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, सुळक्यापासून लांब, एक छोटीशी टेकडी होती. ती चारच्या आधीही होती, नंतरही होती. "हे काय?" ते गडबडले. "ते... ते बघावं लागेल. पुन्हा येतो. मंगळवारी आलो तर चालेल?"

यंत्र बहुधा जुनं असावं. एकदा मोजून भागत नाही.

मंगळवार, ११ मार्च

ठिपकेवाले पुन्हा आले. जिन्यातच सेक्रेटरींनी अडवलं. मी दारातून ऐकत होते.

"कोण आपण?"

"कंपन मोजायला आलोय."

"कोणती कंपनी?"

"कंपनी नाही. कंपन."

"हो, पण कोणत्या कंपनीचं?"

आणि म्हणे कान माझे वाजतात.

सेक्रेटरींकडे आज नीट पाहिलं. माणूस खंगलाय. पट्ट्याला नवं भोक पाडलंय, तरी बोलता बोलता विजार वर ओढतात. खोटं इतिवृत्त लिहिणाऱ्याला अन्न गोड लागत नसणार. सिस्टर म्हणायच्याच, सदसद्विवेकबुद्धी पोटात असते.

सुळका चारला वेळेवर उठला. टेकडीही होती. मग ठिपकेवाले म्हणाले, मी जरा बाहेर जिन्याची भिंत हाताने चाचपून येतो, तुम्ही पडद्याकडे लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं. आणि मला अशी गोष्ट दिसली की मी टाळी वाजवली. ते बाहेर पडले, दोन मिनिटांत टेकडी सपाट! ते परत येऊन माझ्यासमोर बसले, टेकडी पुन्हा उभी!

याचा अर्थ उघड आहे. या इमारतीत दोन यंत्रं चालतात. एक मोठं, एक छोटं. जिन्यात पावलं वाजली की छोटं कुणीतरी घाबरून बंद करतं. मी हे ठिपकेवाल्यांना सांगितलं. ते चहात साखर ढवळत बसले. ते साखर घेत नाहीत.

बुधवार, १२ मार्च

नवे कप आणले. जुन्यांचे कान तुटले होते. याचा कशाशी काही संबंध नाही.

शनिवार, १५ मार्च

कानाची डॉक्टरीण. चिरंजीव बरोबर, अपराध्यासारखे. मला एका बंद खोलीत बसवून बारीक बारीक सूर ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचं. मी दाबत गेले. शेवटी मीच म्हटलं, "आता जो वाजतोय तो तुमच्या बाहेरच्या पंख्याचा आहे, त्याचं बेअरिंग गेलंय. त्यालाही दाबू का?"

मग कानात एक मऊ, बुचासारखं बोंडूक घातलं. त्यातून टिकटिक ऐकवली आणि ते बोंडूकच उलट माझा कान ऐकत बसलं. डॉक्टरीण कागद बघून खूश झाली. "या वयात असे कान म्हणजे कमाल आहे. निरोगी कानात सूर गेला की कान स्वतःही अगदी बारीक सूर परत देतो. तुमचे दोन्ही देतात."

"थांबा," मी म्हटलं. "म्हणजे माझे कान वाजतात?"

"चांगल्या अर्थाने, हो."

चिरंजीव गुदमरले. हसू होतं, खोकला नव्हता. मला ऐकू येतं.

घरी आल्यापासून मी विचारात पडले आहे. इतिवृत्तातलं ते वाक्य खोडा, अशी मागणी करण्यात मी अकरा दिवस घालवले. आता कळलं की वाक्य खरं आहे. खरं वाक्य खोडायला सांगणं हे पाप आहे, निदान आमच्या शाळेत तरी होतं. सेक्रेटरी चुकून खरं बोलले! हा दुसरा अपमान.

दाखला मात्र लेखी घेतलाय.

मंगळवार, १८ मार्च

यंत्र बिघडलेलंच असावं. तिसऱ्यांदा मोजावं लागलं. ठिपकेवाल्यांच्या सदऱ्याला आज इस्त्री होती, आणि ती स्वतः केलेली, कारण बाहीवर दोन घड्या होत्या. मी म्हटलं, "बाहीवर दोन रस्ते काढलेत, कुठल्याने जायचं?" ते लाल झाले. ठिपक्यासारखे.

पण काम चोख केलं. चंदेरी टिकल्या भिंतीवर वरून खाली ओळीने लावल्या आणि ठिपका एकेका टिकलीवर नेला. छताशी सुळका बुटका. मध्ये उंच. फरशीशी तर पडद्याबाहेर गेला.

"खालून येतंय," ते म्हणाले. "तुमच्या बरोबर खालून."

माझ्या बरोबर खाली कोण राहतं? सेक्रेटरी!

मी जागेवर उडी मारली. या गुडघ्यांनी. ठिपकेवाल्यांनी हात पुढे केला, मी तो धरला, आणि आम्ही दोघं भिंतीसमोर शाळकरी पोरांसारखे नाचलो. दोनच पावलं. खिडकी बंद होती.

मला कळून चुकलंय. सेक्रेटरींनी घरात चोरून पाण्याचा पंप बसवलाय. आम्ही वर थेंब थेंब झेलतोय आणि हे खाली धबधबा ओढताहेत.

"पंप असेलच असं नाही," ठिपकेवाले म्हणाले. "पंपाचा सूर वेगळा लागतो. हे काहीतरी उभं-आडवं हलतंय."

त्यांना सेक्रेटरी माहीत नाहीत.

गुरुवार, २० मार्च

समितीला पत्र दिलं. दाखला जोडला, आलेख जोडले. सेक्रेटरींनी बैठक लावली, शनिवारी, आपल्याच घरी, दुपारी तीनला. "पाऊण तासात संपवू," म्हणाले. चारच्या आत, हे मी मनात पूर्ण केलं.

सूनबाईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही बोलायला उभ्या राहिलात की चार वाजतातच." हा टोमणा होता की सल्ला, ठरत नाही. सल्ला म्हणून घेतलाय.

शनिवार, २२ मार्च

लिहिताना अजून हसू येतंय. शाईचा डाग पडला तर पडू दे.

सेक्रेटरींचा दिवाणखाना. मोठं टेबल, त्यावर पाण्याचे पेले. सेक्रेटरी, समितीची माणसं, तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर, माझा मुलगा, सूनबाई. ठिपकेवाल्यांचं यंत्र टेबलावर, ठिपका समोरच्या भिंतीवर. माझी खुर्ची त्यांच्या बरोबर समोर.

मास्तरांबद्दल इथे लिहायला हवं. त्यांच्याकडे घरातल्या घरात चालायचा विजेचा पट्टा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं. गेल्या वर्षी सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली, "घरात व्यायामाची यंत्रे वापरण्यास सक्त मनाई", आणि मास्तरांना तो पट्टा गुंडाळून जिन्याखाली टाकायला लावला. तेव्हापासून मास्तर गच्चीवर गोल गोल फिरतात आणि कबुतरांना शिकवतात.

सेक्रेटरी म्हणाले, "दाखवा की कुठे आहे थरथर?"

पडद्यावर सुळका नव्हता. टेकडी तेवढी होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. "ही पाहा! वर माझ्या घरी हीच. इथेही हीच. छोटं यंत्र या क्षणी चालू आहे!"

"माझ्या घरात काही यंत्रबिंत्र नाही!" सेक्रेटरींनी विजार वर ओढली.

मग मी उभी राहिले. मी तारखा वाचल्या, वेळा वाचल्या. टेलिफोनच्या तारांचा इतिहास सांगितला. निरोगी कान या विषयावर बोलले. सेक्रेटरी तीनदा म्हणाले, "मावशी, आटपा", आणि मी तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. माझा मुलगा डोळे मिटून बसला होता, बटण दाबताना त्याचे वडील बसायचे तसा.

आणि चार वाजले.

घूंऽऽ. आतल्या बंद खोलीतून. सुळका भाल्यासारखा वर गेला. ठिपकेवाले म्हणाले, "हाच. हाच तो." सेक्रेटरींना एकदम ढास लागली. इतकी मोठी की आवाज झाकला जाईल. पण यंत्राला खोकला आणि घुमणं यांतला फरक कळतो. मलाही.

तेवढ्यात आतून सेक्रेटरींच्या बायकोचा आवाज आला. "अ-अ-अहो! सं-सं-संपली का-का बै-बै-बैठक?"

मास्तर दाराजवळ होते. त्यांनी दार ढकललं.

एका जाड पाटावर बाई उभ्या होत्या, दांडी धरून, आणि पाट त्यांना चाळणीतल्या पिठासारखा हलवत होता. गाल, बांगड्या, अंबाडा, सगळं स्वतंत्रपणे. "अ-अ-अगंबाई!" त्या म्हणाल्या.

मास्तर शांतपणे म्हणाले, "हे व्यायामाचं यंत्र नव्हे का?"

"औषधी आहे," सेक्रेटरी पुटपुटले. "डॉक्टरांनी..."

"माझंही डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

बाई पाटावरून उतरल्या, तरी थोडा वेळ तशाच हलत राहिल्या. म्हणाल्या, "चिडू नका हो. यांचं पोट चार बोटं उतरलंय. आधी हे उभे राहतात, मग मी. लाजतात, म्हणून कुणाला सांगितलं नाही."

तर पंप नव्हता. सदसद्विवेकबुद्धीही नव्हती. सेक्रेटरींच्या कमरेच्या पट्ट्याला भोकं या पाटाने पाडली होती. माझे दोन्ही अंदाज चुकले, पण सुळका माझाच खरा ठरला, आणि मुद्दा सुळक्याचा होता.

चिरंजीव उठले. सगळ्यांसमोर म्हणाले, "आईचं बरोबर होतं." तीनच शब्द असते तर बरं झालं असतं. पुढे म्हणाले, "नेहमीप्रमाणे", आणि सुस्कारा टाकला.

मला तिथेच थांबता आलं असतं. पण मी काम अर्धं टाकत नाही. पाट बंद झाला होता, सुळका खाली आला होता, आणि टेकडी मात्र जागच्या जागी. मी गरजले, "आणि हे छोटं? हे कुठे लपवलंय?"

सेक्रेटरींनी हात जोडले. "देवाशप्पथ बाई, ते माझं नाही!" मावशी गेली, बाई आली. माझ्या लक्षात आलं.

सगळ्यांनी माना पडद्याकडे वळवल्या. मला मात्र ऐकू आलं: टेबलावरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. अगदी बारीक. पाण्यावर गोल गोल वलयं.

सूनबाई वाकली. टेबलाखाली पाहिलं. वर आली तेव्हा रुमाल तोंडात कोंबलेला. "आई," ती कशीबशी म्हणाली, "त्यांचा गुडघा."

सगळी समिती वाकली. ठिपकेवाल्यांचा उजवा गुडघा टेबलाच्या पायाला लागून शिवणयंत्रासारखा चालला होता. सगळ्यांनी पाहिल्यावर जास्तच.

मास्तरांनी विचारलं, "कारखान्यातही होतं का हो असं?"

"नाही."

"मग?"

ठिपकेवाले वायर गुंडाळायला लागले. ती आधीच गुंडाळलेली होती.

हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्याने मी तो पुढे ढकलला.

रविवार, २३ मार्च

नवं इतिवृत्त लागलं. मी स्वतः सांगून लिहून घेतलं: "तक्रारदार बाईंचे कान वाजतात (दाखला जोडला आहे). भिंतही वाजते (आलेख जोडले आहेत). दोन्ही खरे." मास्तरांचा पट्टा परत जिन्याने वर गेला. सेक्रेटरींचा पाट आता जाड रबरावर, सकाळी, सगळ्यांच्या माहितीने. त्यांना मीच म्हटलं, लाजू नका, पोट छान उतरलंय. त्यांनी चहाला बोलावलं आणि मी गेले. आयुष्य विचित्र आहे.

चिरंजीव म्हणाले, "राहा इथेच, आई. हवं तेवढं एकटी राहा."

जिंकले. बशीत चहा ओतला, रेडिओवरच्या माणसाशी भांडले. चार वाजले. भिंत गप्प. इतकी गप्प की मीच उठून तिला दोनदा कान लावला.

मग सगळे आलेख टेबलावर पसरून पाहिले. माझ्यासमोर चहा घेतला, टेकडी. जिन्यात गेले, सपाट. सेक्रेटरींच्या घरी मी समोर, टेकडी. सूनबाई फोनवर म्हणाली, "आई, तीस वर्षं तारा ऐकल्यात ना? मग एवढंही कळत नाही?" मी म्हटलं, मला पुरावा लागतो. फोनमध्ये ती बराच वेळ हसत होती. बिल तिचंच आहे.

मंगळवार, २५ मार्च

ठिपकेवाले आले. यंत्राशिवाय! हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. नव्या कपातून चहा दिला. गुडघा टेबलापासून लांब धरून बसले होते, दोन्ही हातांनी दाबून. मग काहीतरी म्हणाले आणि अर्ध्यातच उठून गेले. आज येताना काढलेल्या चपलाही काटकोनात नव्हत्या, एक आत, एक बाहेर.

मी गप्प बसणाऱ्यांपैकी नाही. पत्र लिहिलंय, उद्या सकाळी सूनबाईबरोबर पाठवते. नक्कल इथे ठेवते.

*

प्रति,
ठिपकेवाले यांस.

विषय: आपला गुडघा.

महाशय,

आज मंगळवार, दिनांक २५ मार्च रोजी, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी आपण माझ्या जेवणाच्या टेबलाशी, "बाई, ती टेकडी यंत्राची नाही, ती..." एवढं बोलून वाक्य उघडं टाकलंत आणि चहा अर्धा ठेवून निघून गेलात. मी आयुष्यभर इतरांची बोलणी जोडून देण्याचं काम केलं आहे. मधेच तुटलेलं बोलणं मला सहन होत नाही. आपलं हे वर्तन मी अन्याय समजते.

सदर टेकडी ही फक्त माझ्या उपस्थितीत उद्भवते, हे आपल्याच आलेखांवरून सिद्ध होत आहे. तिचं कारण काय, ती किती काळ टिकेल असा आपला अंदाज आहे, आणि त्याबाबत आपला पुढील विचार काय, याचा स्पष्ट खुलासा करावा.

एकटं राहण्याचा माझा हक्क नुकताच समितीसमोर व मुलासमोर शाबूत ठरला आहे, याची नोंद घ्यावी. तो हक्क वापरायचा की कसं, हे मी ठरवणार आहे, आणि त्यासाठी मला संपूर्ण माहिती लागेल.

तोंडी खुलासा ग्राह्य धरला जाणार नाही. आपण तोंडी किती बोलता ते मी पाहिलं आहे. उत्तर लेखी हवं, शनिवार, दिनांक २९ मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत, आणि ते आपण स्वतः आणून द्यावं. टपालावर माझा विश्वास नाही. मुदतीत उत्तर न आल्यास मोजणी पुन्हा पहिल्यापासून करून घेण्याचा अधिकार मी राखून ठेवते.

आपली,
तक्रारदार बाई

ता. क. आपण गेल्यानंतर माझ्या हातातला कप बशीवर बराच वेळ वाजत होता. त्या वेळी इमारतीत कुठलंही यंत्र चालू नव्हतं, मी खाली जाऊन खात्री केली. याचाही खुलासा त्याच मुदतीत व्हावा.